सात नंबरची तक्रार

एखादी वस्तू जड चालायला लागली की तिला काय होतंय हे विचारायची माणसाला सवय नाही. दार अडकलं की लाथ घालायची, ड्रॉवर अडकला की हिसका मारायचा, आणि एवढं करूनही नाही ऐकलं तर तेल ओतायचं. मिस्त्रीणीचं अर्धं आयुष्य लोकांच्या असल्या लाथा, हिसके आणि तेल निस्तरण्यात गेलं होतं. तिचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि मंगळवारी व शुक्रवारी ती नेमबाजी क्लबच्या रायफली बघायची. आधी हे काम तिचे वडील करायचे. त्यांच्या शेजारी बसून ती शिकली, आणि ते गेल्यावर दुसरा माणूस शोधायचा क्लबने कंटाळा केला म्हणून काम तिच्याकडेच राहिलं. या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत 'झालं का?' याखेरीज तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

त्या शुक्रवारी सकाळी क्लबच्या फळ्यावरची चिठ्ठी तिने वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'रायफल क्रमांक ७ चा बोल्ट बेदरकार हाताळणीमुळे जड झाला आहे. संबंधित खेळाडूस आजच्या निवडीत भाग घेता येणार नाही.' खाली सेक्रेटरींची सही, सहीखाली दोन रेघा. संबंधित खेळाडू म्हणजे मिस्त्रीणीची धाकटी बहीण. दोन वर्षं सात नंबर तिच्याच हातात होती आणि क्लबात हे झाडूवाल्यालासुद्धा माहीत होतं. म्हणजे नाव न लिहिण्याचा सभ्यपणा तेवढा फुकटचा.

स्पर्धेसाठी क्लबच्या संघाची निवड दुपारी तीनला होती. पाच वाजेपर्यंत नावं महासंघाकडे जायची होती, आणि ज्युनियर गटात धाकटीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसत नव्हती. पहाटे उठून, कॉलेज सांभाळून, बोटं आखडेपर्यंत तिने ज्या दिवसासाठी सराव केला तो हा दिवस, आणि त्या दिवसावर एका कागदाने बोळा फिरवला होता.

धाकटी क्लबच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसली होती. डोळे लाल, पण रडून झालेलं. उजव्या तळहाताला निळा डाग पडला होता.

"हे काय?" मिस्त्रीणीने हात धरून विचारलं.

"काल संध्याकाळी बोल्ट बंदच होईना. मग तळहाताने मारला दोनदा."

"मारलास?"

"मारला. ताई, तुला ओरडायचंय ते आधी ओरडून घे. नाहीतर काम करताना ओरडत बसशील."

मिस्त्रीणीने ओरडणं पुढे ढकललं. तिने सात नंबर टेबलावरच्या शिकंज्यात हलकेच धरली, आत काडतूस नाही ना हे डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालून पुन्हा पाहिलं.

बोल्ट म्हणजे रायफलीत मागून बसणारा पोलादी दट्ट्या. त्याची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलून मूठ खाली पाडली की नवं काडतूस आत जातं आणि मागचं तोंड बंद होतं. बार उडतो तेव्हा काडतुसातली आग आणि नेमबाजाचा गाल यांच्यामध्ये तेवढा एक बोल्ट असतो.

"कुठे जड लागतो? उचलताना, ओढताना, ढकलताना की खाली पाडताना?"

"ढकलताना थोडा घासतो. पण खरा अडतो तो खाली पाडताना. काडतूस घातलं की."

"आणि काडतूस नसताना?"

"तेव्हा पडतो खाली."

"हे सेक्रेटरींना सांगितलंस?"

"त्यांनी कुठे विचारलं? ते म्हणाले, नीट जेवत जा, मनगटात जोर नाही. आणि पाच मिनिटांनी म्हणाले, फार जोरात आपटलास म्हणून बिघडला. मी म्हटलं, काका, एक काय ते ठरवा. तर म्हणाले, उलट उत्तर देतेस."

मिस्त्रीण कामाला लागली. बोल्टचे चार आजार चार जागी असतात. उचलताना जड म्हणजे आतली स्प्रिंग किंवा चिकटलेलं काडतूस. ओढताना-ढकलताना जड म्हणजे वाटेत मळ, वाळलेलं ग्रीस नाहीतर कुठेतरी उठलेली धार. खाली पाडताना जड म्हणजे आत जागा कमी. डोकं दुखतंय की पोट हे न विचारता गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण नावं ठेवतो, पण रायफलीला कोणीही उठून तेल पाजतं. सात नंबरलाही पाजलं होतं. तेल दस्त्यापर्यंत ओघळून लाकूड काळं झालं होतं.

तिने ते सगळं पुसून काढलं. काडतूस बसतं ते घर ब्रशने घासलं, कापड ओढलं, विजेरी लावून पाहिलं. घर आरशासारखं स्वच्छ. बोल्टची स्प्रिंग काढून बोल्ट तसाच घालून पाहिला, तरी अडला. मग कपाटातून गेज काढले. गेज म्हणजे काडतुसाच्या मापाचे दोन पोलादी तुकडे. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर बंद होता कामा नये. दोन्ही नियम पाळले तर आतली जागा बरोबर. सात नंबरचा बोल्ट पहिल्याच तुकड्यावर अर्ध्यात थांबला.

तिने आपली वही उघडली. गेल्या महिन्याच्या सतरा तारखेला, तिच्याच अक्षरात: सात नंबर, दोन्ही गेज बरोबर.

"लोखंड काही महिन्याभरात बाळसं धरत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे रायफल तीच असेल तर बोल्ट तो नाही."

तिने बोल्ट खिडकीपाशी नेला, आणि मघापासून जे डोळ्यांत खुपत होतं ते आता कुठे तिच्या लक्षात आलं. बोल्ट चकाकत होता. वीस वर्षं वापरलेला बोल्ट असा चकाकत नाही. त्याच्यावर एक राखाडी, हातानेच आलेली झळाळी असते. हा नवऱ्या मुलासारखा नटला होता. मुठीच्या मुळाशी रायफलीचा नंबर ठोकलेला असतो. तिने भिंग लावलं. तिथे गुळगुळीत सपाट जागा होती.

"क्लब तीन दिवस बंद होता ना? सोमवार ते बुधवार?"

"रंग द्यायला. मंगळवारी येऊ नका असा तुलाही निरोप आला होता."

"रंग भिंतींना दिला की आणखी कशाला, ते बघू," मिस्त्रीण म्हणाली.

क्लबात एक शिस्त होती, आणि ती चांगली होती. रायफली शस्त्रागारात, पण त्यांचे बोल्ट वेगळे, सेक्रेटरींच्या ऑफिसात. बारा खाचांचा लाकडी ट्रे, कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. कोणी रायफल चोरली तरी नुसती काठी चोरल्यासारखी. सकाळी बोल्ट वाटायचे, संध्याकाळी गोळा करायचे. प्रत्येक बोल्ट आपापल्या रायफलीला घासून बसवलेला, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला चालत नाही. म्हणूनच तर त्याच्यावर नंबर.

सेक्रेटरी टेबलावर फोटो पसरून बसले होते. गोड बोलणारा, स्वच्छ कपड्यांचा माणूस. आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळे समोरचाच नेहमी भांडकुदळ ठरायचा.

"या बाई. बहिणीचं कळलं ना? मला फार वाईट वाटलं."

"बोल्ट कुठे नेले होते?"

"बसा तरी. अहो, क्लबला पन्नास वर्षं झाली, स्मरणिकेत फोटो जायचाय. बारा रायफली ओळीने आणि बोल्ट असे कळकट. बरं दिसतं का? आमच्या मेहुण्याचा मुलाम्याचा कारखाना आहे. नळाच्या तोट्या, खुर्च्यांचे पाय, सगळं चकचकीत करून देतो. दोन दिवसांत करून दिले. बघा फोटो."

मिस्त्रीणीने फोटो पाहिला नाही.

"तोट्या," ती म्हणाली. "आणि परत आल्यावर कुठला कुठल्या रायफलीचा, हे कसं ठरवलंत?"

"बारा बोल्ट, बारा खाचा. त्यात ठरवायचं काय?"

काही मूर्खपणा असा असतो की ऐकणाऱ्यालाच घाम फुटतो. या माणसाने बारा जणांचे चष्मे एका टोपलीत टाकून हवा तो उचलून दिला असता तर लोकांनी त्याला चौकात धरला असता. इथे त्याने गालाशी लागणारं पोलाद तसंच वाटलं होतं, वर एका वीस वर्षांच्या पोरीला बेदरकार म्हटलं होतं, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"साहेब, ती चिठ्ठी काढा."

"असं कसं? बाकीच्या अकरा जणांची काही तक्रार नाही. उलट कप्तान म्हणाले, त्यांची रायफल लोण्यासारखी चालतेय. बिघडली ती एकच, आणि ती तुमच्या बहिणीच्या हातात बिघडली. लोक काय म्हणतील?"

लोण्यासारखी या शब्दावर मिस्त्रीण अडली. एका रायफलीत जागा कमी पडते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी रायफलीत ती जास्त झाली असणार. जड बोल्ट निदान सांगतो तरी की माझं बिनसलंय. सैल बोल्ट गोड बोलून गळा कापतो.

ती जवळजवळ पळतच फायरिंगच्या शेडमध्ये गेली. कप्तान, म्हणजे क्लबचा सगळ्यात जुना आणि जाडजूड नेमबाज, चटईवर पालथा पडून सराव करत होता. तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"थांबा. रायफल खाली ठेवा."

"मिस्त्रीणबाई, दहापैकी नऊ बार मधोमध आहेत. आत्ता नका थांबवू."

"ठेवा म्हणते ना."

त्याने ठेवली. तिने बादलीतून त्याची रिकामी काडतुसं उचलली आणि एकेक खिडकीत धरलं. पाचव्यावर, बुडाच्या जरा वर, केसाएवढी काळी रेघ होती. सातव्यावर ती अर्ध्या गोलाला वळसा घालून गेली होती. तिने ते कप्तानाच्या हातात दिलं.

"हे काय आहे?"

"चीर. पितळ ताणलं जाऊन फाटायला आलंय. मागे जागा जास्त झाली की असं होतं. पूर्ण फाटलं की आग मागे येते. मागे तुम्ही असता."

कप्तानाने काडतूस फिरवून पाहिलं. त्याचा चेहरा आधी लाल आणि मग पांढरा झाला. "पण चालत तर छान होती," तो म्हणाला, आणि उठून चटईपासून दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला.

मग तासभर मिस्त्रीणीने बाराही बोल्ट बाराही रायफलींत घालून पाहिले. धाकटी गेज पुसून हातात देत होती आणि वहीत लिहीत होती. कप्तानाच्या तीन नंबरमधला बोल्ट उघडल्यावर आत पितळी टाक्याचा एक ठिपका दिसला. तो टाका मिस्त्रीणीनेच मागच्या वर्षी मारला होता, सात नंबरच्या बोल्टला. पोरगी हरवून सापडावी तसं तिला झालं. तिने तो सात नंबरमध्ये घातला. पहिल्या गेजवर बंद, दुसऱ्यावर नाही. मूठ दोन बोटांनी खाली पडली.

"घे," ती धाकटीला म्हणाली. "चालव."

धाकटीने चालवला. वर, मागे, पुढे, खाली. पुन्हा एकदा. तिच्या चेहऱ्यावर काल संध्याकाळपासून गेलेलं काहीतरी परत आलं, आणि तिने बहिणीच्या तेलकट हाताचा मुका घेतला, जो प्रकार त्या घरात कधीच होत नसे.

सगळी जुळवाजुळव झाल्यावर चारच रायफलींना नीट बसणारा बोल्ट सापडला. बाकीच्या आठांचं काही जुळेना. मुलाम्याच्या थराने मापंच बदलली होती. मिस्त्रीण वही घेऊन सेक्रेटरींकडे गेली. कप्तान तिच्या मागे चिरलेलं काडतूस मुठीत धरून उभा राहिला, त्यामुळे या वेळी सेक्रेटरींना तिचं बोलणं लवकर कळलं. ठरलं असं की निवड चार रायफलींवर पाळीपाळीने होईल. एक वाजला होता. तीनपर्यंत वेळ होता.

"मग तुमच्या बहिणीचंही झालं ना काम?" सेक्रेटरी हसून म्हणाले. "रजिस्टरमध्ये चार ओळींवर सही करा. 'वापरास योग्य.' तुमच्या सहीशिवाय निवडीचा एक बार उडत नाही, नियम आहे."

"आणि ती चिठ्ठी?"

"काढतो हो. घाई काय आहे?"

एवढ्यावर गोष्ट संपली असती. मिस्त्रीणीने पेनही उचललं होतं. पण बारा बोल्टांवरचे नंबर पुसून टाकणारा तो तोट्यावाला मेहुणा तिच्या डोक्यातून जाईना. कुठल्याही कारागिराला ठोकलेला नंबर दिसला की तो हात आवरतो. याने सरळ चाकावर धरून घासून टाकले. त्याला दोन शब्द सुनावल्याशिवाय तिला आज घास उतरला नसता. टेबलावरच्या कारखान्याच्या बिलावर छापलेला त्याचा नंबर तिने तिथल्याच फोनवरून फिरवला.

तोट्यावाला भला माणूस निघाला, ही आणखी एक पंचाईत.

"ताई, मला काय माहीत ते नंबर कसले? दाजी म्हणाले, चकाकलं पाहिजे. मी तर वर जास्तीचं काम केलं. फार जुना मळ होता. नुसत्या घासण्याने जाईना. म्हणून आधी आम्लात टाकले."

"आम्लात," मिस्त्रीण म्हणाली. "किती वेळ?"

"रात्रभर. दुसऱ्या दिवशी मुलामा नीट धरेना म्हणून परत अर्धा दिवस. कसे दिसतायत?"

"मग भट्टीत तापवलेत?"

"तोट्या कशाला तापवायच्या?"

तिने फोन ठेवला. सुनावायचे ते दोन शब्द राहूनच गेले.

सहा वर्षांपूर्वी तिने एका मशीनच्या तीन स्प्रिंगा अशाच चकचकीत करून घेतल्या होत्या. गिऱ्हाईक खूश, ती खूश. आठवड्यात तिन्ही तुटल्या. ताण नसताना, न वाकता, नुसत्या काचेसारख्या तुटल्या. तेव्हा एका जुन्या लोहाराने तिला सांगितलं होतं की कडक पोलादाला आम्लातला मुक्काम सोसत नाही. वरून काही दिसत नाही, पण आतून ठिसूळ होतं. लगेच भट्टीत तापवलं तर वाचण्याची आशा, नाहीतर त्याचा भरवसा धरू नये. आणि बोल्टच्या पुढच्या दोन कानांवर, म्हणजे रायफलीच्या खाचेत अडकणाऱ्या उंचवट्यांवर, तर बाराच्या बारा रायफलींत सगळा बार झेलला जातो. गेज फक्त माप सांगतो. लोखंडाच्या पोटात काय आहे हे गेजला कळत नाही.

समोर रजिस्टर उघडं होतं. तिच्या हातात पेन होतं. हे फक्त तिला कळलं होतं. तिने फोन केला नसता तर तिलाही कळलं नसतं आणि ती शांतपणे सही करून मोकळी झाली असती. तिला स्वतःच्या तोंडाळपणाचा संताप आला. काय नडलं होतं फोन करायला? बहुतेक काही होणार नाही, तिने मनाशी म्हटलं. निवडीत प्रत्येकी साठ बार. साठ बारांत बहुतेक काही होणार नाही. स्वतःचा गाल लावायचा असता तर तिने लावला असता.

"काय झालं ताई?" धाकटी दारात उभी होती. नेमबाजीचं जाड जाकीट तिने आधीच अंगात चढवलं होतं.

मिस्त्रीणीने तिला सांगितलं. आडपडदा न ठेवता, सगळं.

"पण बसतोय ना नीट? गेज म्हणतो ना?"

"म्हणतो."

"तुटेलच असं आहे का?"

"नाही."

"मग?"

"तुटणारच नाही असंही नाही."

"ताई, बसच्या ड्रायव्हरलाही एवढी खात्री देता येत नाही. साठच बार आहेत. मला माहितीये तू काय म्हणतेस ते. मी माझ्या जबाबदारीवर मारते. लिहून देते."

"तू लिहून देशील. सही माझी आहे."

"तुला माझ्यापेक्षा ती सही मोठी आहे."

मिस्त्रीणीला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली, आणि यातलं काही न करता तिने बाराही ओळींवर आडवं लिहिलं: 'आम्लाने खराब. वापरू नये.' अक्षर वेडंवाकडं आलं. खाली सही केली.

सेक्रेटरींनी वाचलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. मग लगेच खाली आला. दुसऱ्या क्लबाकडून रायफली आणायच्या तर लेखी परवानगीलाच चार दिवस. महासंघाला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं की तारीख म्हणजे तारीख. "बघा बुवा," ते रिसीव्हर ठेवत म्हणाले, "मी तर बहिणीला संधी देत होतो. तुम्हीच तिच्या पायावर धोंडा टाकलात. आता बाकीच्या अकरा जणांना काय सांगू?"

"खरं सांगा. सांगा की मी फोटोसाठी बोल्ट तोट्यांबरोबर आम्लात बुडवले."

त्यांनी ते सांगितलं नाही. त्यांनी एक नवा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'तांत्रिक कारणामुळे आजची निवड रद्द.' सही, दोन रेघा. तो त्यांनी फळ्यावर लावला, जुन्या चिठ्ठीच्या शेजारी. जुनी चिठ्ठी तशीच होती. मिस्त्रीणीने ती सगळ्यांदेखत टाचण्यांसकट उपटली, चार तुकडे केले आणि त्यांच्या फोटोंवर ठेवले. मग आलेल्या नेमबाजांना तिने स्वतः, शेडच्या दारात उभी राहून, काय झालं ते सांगितलं. आधी तोट्या, मग आम्ल. कप्तानाने चिरलेलं काडतूस हातोहात फिरवलं. काही जण कुरकुरले की एवढं काय, आजवर काही झालं नाही, बाईमाणूस उगाच घाबरतं. एकाने तर विचारलं की पाच वाजायच्या आत नुसती नावं तरी पाठवता येतील का, बार न मारता. पुढचा अर्धा तास मिस्त्रीण जे बोलली त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. तिने बाराही बोल्ट ट्रेमध्ये मोजून ठेवले, कुलूप घातलं आणि किल्ली सेक्रेटरींना न देता अध्यक्षांच्या घरी पोचती करायला कप्तानाच्या हातात दिली. तो तेवढ्यापुरता भरवशाचा वाटला.

धाकटी या सगळ्यात कुठेच नव्हती. ती बाहेर सायकलच्या स्टँडपाशी उभी होती, जाकीट घडी करून काखेत घेतलेलं. दोघी चालत घरी निघाल्या. बाजारातून, पुलावरून, दवाखान्याच्या कोपऱ्यावरून. मिस्त्रीण बोलत होती. सेक्रेटरींबद्दल, मेहुण्याबद्दल, महासंघाच्या तारखेबद्दल, दोन रेघांबद्दल. अध्यक्षांना पत्र लिहिणार होती, वर्तमानपत्राला लिहिणार होती. एका रस्त्यावर तिच्या लक्षात आलं की आपण एकट्याच बोलतोय. तरी ती बोलत राहिली, कारण थांबलं तर पुढे काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

आई दारातच होती. सकाळपासून तिचं घरात लक्ष नव्हतं.

"झाली का गं निवड?"

"रद्द झाली," धाकटी बूट काढत म्हणाली.

"रद्द? कोणी केली?"

"ताईने."

आईने थोरलीकडे पाहिलं. मिस्त्रीणीने तोंड उघडलं. आम्ल, तोट्या, खाचा, सगळं ओठांवर तयार होतं.

"तिने बरोबर केलं," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तिला काही बोलू नकोस आई. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, बहुतेक. पण आज मला तिच्याशी बोलायचं नाहीये. उद्याही नाही. मी सांगेन केव्हा ते."

तिने जाकीट खुंटीला लावलं आणि आत जाऊन दार हळूच लोटून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. सकाळपासून मिस्त्रीणीला ओरडायला कोणी ना कोणी मिळत होतं. आता कोणीच नव्हतं. ती दाराबाहेरच्या पायरीवर बसली, आणि आईने पाण्याचा तांब्या आणून दिला तो किती तरी वेळ नुसता हातात धरून राहिली.